डॅशबोर्डवरची गादी

पन्नास-साठ वर्षं वयाच्या गाडीत बसलं, की नजर आधी स्टिअरिंगच्या मोठ्या चाकाकडे जाते, मग गोल मीटरांकडे आणि क्रोमच्या पट्ट्यांकडे. डॅशबोर्डच्या माथ्यावरची काळी किंवा तपकिरी गादी सहसा शेवटी दिसते, आणि तीही बिघडली असेल तरच. समोरच्या काचेच्या बाजूला ती पत्र्यापासून बोटभर वर उचललेली असते. त्या फटीत बोट घातलं, तर टोकाला पिवळसर भुकटी लागते. कधीकाळी तो फोम होता. त्याखाली वाळून कडक झालेल्या गोंदाची खपली, आणि खपलीखाली गंजाचे ठिपके. गाडी खड्ड्यातून गेली की गादी थडथडते. ‘सोल्यूशन लावा आणि दाबून टाका,’ असं कुणीही सांगतं. बरेच मालक तसंच करतात, आणि पुढच्या मे महिन्यात गादी पुन्हा उठते.

ही गादी शोभेसाठी आलेली नव्हती. गाडीच्या आतल्या भागावरच माणूस आपटतो आणि मरतो, हे मोटारींच्या कारखानदारांनी फार उशिरा मान्य केलं. त्या कबुलीची डोळ्यांना दिसणारी पहिली खूण म्हणजे ही गादी. ती पत्र्यावर यावी म्हणून शल्यविशारद, अपघातांचे अभ्यासक, पोलीस आणि कायदा करणारे लोकप्रतिनिधी अशा अनेकांनी तीस-पस्तीस वर्षं खर्ची घातली. म्हणून सुटलेली गादी परत बसवण्याचं काम नुसतं चिकटवण्याचं राहत नाही. तिच्या मागे काय उभं आहे, हे ठाऊक असलेला कारागीर तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

डॅशबोर्ड मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आणि खडे गाडीवानाच्या अंगावर येऊ नयेत, म्हणून त्याच्या पायांपुढे लाकडाची किंवा चामड्याची उभी फळी लावत. घोडा गेला, इंजिन आलं, तरी फळी राहिली. अमेरिकेत 1901 साली आलेली ओल्ड्समोबाइल ‘कर्व्ह्ड डॅश’ तर बर्फावरच्या घसरगाडीसारख्या वळवलेल्या याच फळीमुळे ओळखली जाई. पुढे मीटर, दिव्यांची बटणं, हातघड्याळाएवढी घड्याळं या फळीवर येऊन बसली. 1930 च्या दशकात फळी जाऊन तिथे साच्यात दाबलेला पोलादी पत्रा आला. तो स्वस्त होता, झटपट बनत होता आणि रंगवला की सुंदर दिसत होता. त्यातून खुंट्यांसारखी बटणं बाहेर डोकावत. राखदाणीची कड धारदार असे, आणि माथा अगदी चेहऱ्याच्या उंचीवर येई. कमरेचे पट्टे नव्हते. ब्रेक जोरात लागला, की चालकाला निदान स्टिअरिंगचा आधार असे. शेजारच्या सीटवर बसलेल्याचं कपाळ, नाक आणि जबडा मात्र थेट पत्र्यावर जाई.

असे चेहरे जोडण्याचं काम डेट्रॉइटमध्ये डॉ. क्लेअर स्ट्रेथ करत होते. ते प्लास्टिक सर्जन. ज्या शहरात अमेरिकेच्या मोटारी बनत, त्याच शहरातल्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्या मोटारींनी फोडलेले चेहरे येत. चपटी झालेली नाकं, गालाच्या हाडांचे तुकडे, बटणाच्या खुंटीनं फाटलेली भुवई, काचेनं चिरलेले ओठ, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा, जवळजवळ एकाच ठिकाणी. त्यातल्या बऱ्याच जखमी स्त्रिया असत, कारण शेजारच्या सीटवर बहुधा त्याच बसलेल्या असत. स्ट्रेथ यांच्या लक्षात आलं, की दोष गाडी चालवणाऱ्याइतकाच डॅशबोर्डचाही आहे. 1930 च्या दशकातच त्यांनी स्वतःच्या गाडीत कमरेचे पट्टे लावून घेतले, डॅशबोर्डवर गादी बसवली आणि कारखानदारांना पत्रं लिहायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं वॉल्टर क्रायस्लर यांनी ऐकून घेतलं. 1937 सालच्या डॉज गाडीत बटणं आत घेतलेली होती, दारांच्या मुठी वळवलेल्या होत्या, आणि मागच्यांच्या चेहऱ्यासाठी पुढच्या सीटच्या पाठीवर गादी होती. 1948 मध्ये स्ट्रेथ यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात शेजारच्या प्रवाशाला होणाऱ्या इजांवर लेख लिहिला. तोवर हजारो चेहरे त्याच पत्र्यावर आपटून झाले होते.

याच प्रश्नाकडे ह्यू डिहेवन दुसऱ्या वाटेनं आले. पहिल्या महायुद्धात विमान चालवायला शिकत असताना त्यांचं विमान दुसऱ्या विमानाला धडकून कोसळलं. ते वाचले, पण पोटात गंभीर इजा झाल्या. त्या इजांचं कारण त्यांना कमरेच्या पट्ट्याच्या टोकदार बकलात सापडलं. एवढ्या उंचीवरून पडूनही माणूस जगू शकतो आणि एका बकलामुळे मरू शकतो, हा विचार त्यांनी जन्मभर सोडला नाही. त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात रबराच्या फोमवर अंडी टाकून पाहिली. 50 ते 150 फुटांवरून पडूनही वाचलेल्या माणसांची प्रकरणं जमवून 1942 साली निबंध लिहिला. त्यांचा निष्कर्ष साधा होता. पडणं माणसाला मारत नाही, थांबण्याची रीत मारते. थांबायला थोडी जास्त जागा मिळाली आणि मार मोठ्या भागावर पसरला, तर शरीर आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी जास्त सोसतं.

हे आकड्यांत पाहिलं की गादीची किंमत कळते. गाडी थांबली आणि माणसाचं डोकं ताशी 24 किलोमीटर वेगानं पुढे गेलं, असं धरू. सायकलवाला उतारावर सहज गाठतो तो हा वेग. डोकं अर्ध्या सेंटिमीटरात थांबलं, तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या साडेचारशे पटींहून जास्त बळ येतं. अडीच सेंटिमीटर मिळाले तर ते नव्वद पटींवर उतरतं, आणि पाच सेंटिमीटर मिळाले तर पंचेचाळीसच्या आसपास. रंगवलेला जाड पत्रा जवळजवळ काहीच देत नाही. बोटभर फोम आणि त्याखाली थोडा दबणारा पातळ पत्रा मिळून हे दोन-तीन सेंटिमीटर देऊ शकतात. डॅशबोर्डवरच्या गादीचं सगळं गणित या दोन-तीन सेंटिमीटरांत आहे.

डिहेवन यांनी न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात विमान अपघातांतल्या इजांचा अभ्यास सुरू केला होता. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तो मोटारींकडे वळला. इंडियाना राज्याच्या पोलिसांनी अपघातांच्या नोंदी नव्या पद्धतीनं ठेवायला घेतल्या. कोण चुकलं याच्या जोडीला माणूस गाडीतल्या कोणत्या भागावर आपटला, हेही लिहिलं जाऊ लागलं. गाडी कशावर आदळली हा पहिला आघात. माणूस गाडीच्या आतल्या भागावर आदळतो तो दुसरा. या दुसऱ्या आघाताच्या नोंदींत स्टिअरिंग, काच आणि डॅशबोर्ड ही नावं सारखी येत राहिली.

बाजारात गादी आणण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. शिकागोत प्रेस्टन टकर यांनी 1948 मध्ये बनवलेल्या गाडीत गादीचा डॅशबोर्ड होता, आघात झाला तर बाहेर निघून जाणारी समोरची काच होती, आणि पुढच्या प्रवाशाला खाली दडी मारता यावी म्हणून मोकळी जागाही होती. पहिला नमुना धरून अशा 51 गाड्या झाल्या आणि कंपनी बंद पडली. 1951 च्या कायझर गाडीतही डॅशबोर्डच्या माथ्यावर गादी आली. मग 1956 मध्ये फोर्डनं ‘लाइफगार्ड’ नावानं सुरक्षिततेची जाहिरात केली. खोलगट स्टिअरिंग आणि धडकेत न उघडणारी दारांची कुलपं सगळ्या गाड्यांत होती. कमरेचे पट्टे, डॅशबोर्डची आणि सन-व्हायझरची गादी मात्र जास्तीचे पैसे देऊन मिळत. फोर्ड विभागाचे प्रमुख तेव्हा रॉबर्ट मॅक्नमारा होते, जे पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. त्या वर्षी विक्रीत शेवरले पुढे राहिली आणि ‘सुरक्षितता खपत नाही’ हा समज डेट्रॉइटमध्ये घट्ट बसला. प्रत्यक्षात पट्ट्यांपेक्षा गादी कितीतरी जास्त ग्राहकांनी मागून घेतली होती. ती रोज डोळ्यांसमोर असे, हाताला मऊ लागे, आणि उन्हात पत्र्यासारखी चकाकत नसे.

युरोपातही तेच चाललं होतं. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेन्यी यांनी गाडीचा पुढचा आणि मागचा भाग चेपावा आणि मधला शाबूत राहावा, ही कल्पना 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पेटंटात मांडली होती. मागे शेपटीसारखे पंख असलेली 1959 ची मर्सिडीज त्या कल्पनेवर उभी राहिली, आणि तिच्या आतही कडा मऊ केलेल्या होत्या. त्याच वर्षी व्होल्वोनं नील्स बोहलिन यांचा तीन टोकांचा पट्टा गाड्यांत द्यायला सुरुवात केली. पट्टा आल्यामुळे गादी निरर्थक झाली नाही. तेव्हा पट्टा लावणारे थोडे होते, आणि कमरेचा नुसता पट्टा लावला तरी छाती आणि डोकं पुढे फेकलं जाईच.

शेवटी कायद्यानंच काम केलं. अमेरिकेत 1964 साली एक छोटा कायदा झाला. सरकार स्वतः ज्या गाड्या विकत घेतं, त्यांत सुरक्षिततेच्या काही गोष्टी असल्याच पाहिजेत, असं त्यात म्हटलं होतं. त्या गोष्टींच्या यादीत डॅशबोर्डची गादी होती. सरकार हे फार मोठं गिऱ्हाईक. त्याच्यासाठी वेगळी गाडी बनवण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकच बनवणं कारखान्यांना सोपं गेलं. 1965 च्या शेवटी राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं आणि त्यातल्या एका प्रकरणाचा विषय दुसरा आघात हाच होता. सप्टेंबर 1966 मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षिततेच्या राष्ट्रीय कायद्यावर सही केली. 1 जानेवारी 1968 पासून लागू झालेल्या मानकांपैकी 201 क्रमांकाचं मानक गाडीच्या आतल्या भागांसाठी होतं. माणसाच्या डोक्याच्या वजनाचा आणि आकाराचा गोळा ताशी 15 मैल वेगानं डॅशबोर्डवर आदळायचा, आणि त्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या 80 पटींच्या वर सलग 3 मिलिसेकंदांपेक्षा जास्त टिकता कामा नये, असा नियम झाला. ताशी 15 मैल म्हणजे वरच्या हिशेबातले 24 किलोमीटरच. डिहेवन यांच्या अंड्यांचा धडा असा सरकारी आकड्यात उतरला.

या एका नियमानं गाड्यांचं रूप पालटलं. इंग्लंडच्या ॲबिंग्डनमध्ये बनणाऱ्या एमजीबी या छोट्या स्पोर्ट्स कारचा डॅशबोर्ड पत्र्याचा, काळ्या सुरकुतलेल्या रंगाचा होता. अमेरिकेत विकायच्या 1968 च्या गाड्यांसाठी त्यावर एवढी जाड गादी चढवावी लागली, की समोरचा सामानाचा कप्पाच गायब झाला. शौकिनांनी तिला ‘ॲबिंग्डनची उशी’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव आजही चालतं. जॅग्वार ई-टाइपमधल्या खुंट्यांसारख्या बटणांच्या जागी सपाट, दाबायची बटणं आली. ज्यांना जुना पत्रा आवडे त्यांनी नाकं मुरडली. पण स्ट्रेथ यांना ज्या खुंट्या चेहऱ्यांत रुतलेल्या दिसत होत्या, त्या आता नव्या गाड्यांत उरल्या नव्हत्या.

गादी बनली कशाची, हेही तितकंच महत्त्वाचं, कारण ती सुटते त्याचं मूळ तिथेच आहे. पीव्हीसी हे मुळात ठिसूळ, कडक प्लास्टिक. 1926 मध्ये अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यांनी त्यात तेलासारखी रसायनं मिसळून ते चामड्यासारखं लवचिक केलं. आपल्याकडे सीटकव्हरवाले ज्याला सर्रास रेग्झिन म्हणतात, त्यातलं बरंचसं याच जातीचं. 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला आणि पुढे त्यापासून मऊ फोम बनू लागला. सुरुवातीच्या गाद्या स्पंज रबरावर व्हायनिल ओढून केलेल्या असत. नंतर कारखान्यात तापवलेलं व्हायनिल हवेच्या ओढीनं साच्याला चिकटवत, मागे पत्र्याचा सांगाडा ठेवत, आणि दोघांच्या मध्ये पातळ रसायन ओतत. ते फुगून फोम होई आणि कातडं, फोम व पत्रा यांचा एकजीव तुकडा तयार होई. त्या सांगाड्याला मागून स्टड असत. ते डॅशबोर्डच्या भोकांतून जात आणि खालून नट बसत. काही गाड्यांत गादी सरळ पत्र्यावर चिकटवून पुढची कड क्रोमच्या पट्टीखाली स्क्रूनं आवळत.

व्हायनिलला मऊ ठेवणारं ते तेलच उन्हात हळूहळू उडून जातं. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या काचेला आतून जो चिकट, धुरकट थर येतो, त्यात याच तेलाचा वाटा असतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनात उन्हाळ्यात केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तासभर उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचं सरासरी तापमान सुमारे 69 अंश सेल्सियस भरलं होतं. तेल गेलं की व्हायनिल आक्रसतं. ते ओढलं जातं सगळ्या बाजूंनी, पण चिकटलेलं असतं कडांना, म्हणून आधी कोपरे उठतात आणि मग मधोमध, बहुधा स्पीकरच्या जाळीजवळ, चीर पडते. चिरेतून ऊन आणि ओलावा फोमपर्यंत पोचतो. फोमच्या रेणूंची साखळी तुटते आणि त्याची भुकटी होते. फोम गेला की गोंदाला धरायला काही उरत नाही. गोंदाचाही दोष असतोच, पण बहुतेक वेळा गोंद आपल्या जागी असतो आणि त्याला चिकटलेला फोमच नाहीसा झालेला असतो. नुसतं सोल्यूशन भरून दाबलेली गादी पुन्हा का उठते, त्याचं उत्तर इथे आहे.

नीट काम करणारा कारागीर गादी दाबत नाही, आधी पूर्ण उतरवतो. सुरुवात बॅटरीचा टर्मिनल काढण्यापासून होते, कारण डॅशबोर्डखाली पन्नास वर्षं जुन्या वायरींचं जाळं असतं आणि एका पान्याच्या धक्क्यानं ते पेटू शकतं. मग सामानाचा कप्पा काढून हात आत घालायचा आणि अंधारात स्टडचे नट चाचपायचे. गंजलेला नट जोरानं फिरवला तर स्टड सांगाड्यातून उपटून येतो. म्हणून आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं तेल घालून ठेवतात. काही गाड्यांत समोरची काच उतरवल्याशिवाय मागची कड सुटतच नाही. अमेरिकेत 1969 पासून गाडीचा ओळख क्रमांक बाहेरून काचेतून दिसेल असा लावणं सक्तीचं झालं. बऱ्याच गाड्यांत त्याची पट्टी डॅशबोर्डवरच रिव्हेटनं ठोकलेली असते. ती पट्टी हलवायची नाही. तिला हात लागला तर गाडीच्या खरेपणावरच शंका घेतली जाते, आणि त्या देशात तो गुन्हाही ठरतो.

गादी उतरली की पत्रा बोलू लागतो. काचेच्या रबरातून झिरपलेल्या पाण्यानं कडेला गंज धरलेला असतो. तो पॉलिश पेपरनं घासून, प्रायमर मारून, रंग पूर्ण सुकेपर्यंत थांबावं लागतं. ओल्या प्रायमरवर गोंद लावला, तर तो प्रायमरलाच घेऊन उठतो. जुन्या गोंदाची खपली लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडतात, म्हणजे पत्र्यावर ओरखडे उठत नाहीत. वरचं व्हायनिल साबणाच्या पाण्यानं स्वच्छ करतात, कारण वर्षानुवर्षं चोळलेलं सिलिकॉनचं चकाकी देणारं पॉलिश कडांना मुरलेलं असतं आणि त्यावर कुठलाच गोंद धरत नाही. भुकटी झालेला फोम ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं काढून, शाबूत फोमपर्यंत पोचून, तिथे त्याच घट्टपणाचा नवा तुकडा कापून बसवतात. इथे मऊ उशीचा फोम भरला, तर बोटानं दाबताना छान लागतो, पण डोकं थेट पत्र्यापर्यंत जातं. फार कडक भरला, तर तो दबतच नाही.

मग गोंद. साध्या फवाऱ्याच्या गोंदाला उन्हाचे 70 अंश सोसत नाहीत; तो मऊ होतो आणि कड सरकते. निओप्रीन रबराचा, उष्णता सोसणारा गोंद लागतो. तो दोन्ही पृष्ठभागांवर लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, आणि मग एकदाच टेकवायचं. टेकवल्यावर तो सोडत नाही, मिलिमीटरभर चुकलं तरी परत उचलता येत नाही. म्हणून जाणते कारागीर मध्ये मेणकागदाच्या पट्ट्या ठेवतात. आधी स्टड भोकांत नेमके बसवतात, गादी जागेवर आली याची खात्री करतात, आणि मग मधून कडांकडे एकेक पट्टी ओढून काढत तळहातानं दाबत जातात. आक्रसलेलं व्हायनिल आधी उन्हात किंवा हीट गननं दुरून कोमट केलं तर थोडं ताणलं जातं. पण ज्या जागी ते कोरडं पडलं आहे तिथे ताणलं तर चर्र आवाज येऊन चीर उघडते, आणि ती चीर भरून निघत नाही. शेवटी वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवून गादी चोवीस तास तशीच राहू देतात. नट खालून हळूहळू, आळीपाळीनं आवळतात. एक टोक आधी घट्ट केलं तर दुसरं टोक उठतं.

ज्या गाद्या दुरुस्तीपलीकडे गेल्या, त्यांच्यासाठी अमेरिकेत एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला आहे. जुनं कातडं सोलून, सांगाडा वाळूच्या फवाऱ्यानं साफ करून, नवा फोम घालून, मूळच्याच दाण्याचं व्हायनिल पुन्हा साच्यात ओढून देणारी वर्कशॉप तिथे आहेत. लोकप्रिय मॉडेलांच्या नव्या गाद्या तयार मिळतात. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे जुन्या गादीवर कडक प्लास्टिकचं टोपण चिकटवणं. ते दिसायला बरं दिसतं. पण 201 क्रमांकाच्या मानकानं जे दोन-तीन सेंटिमीटर मागितले होते, ते त्या टोपणाखाली बंद होतात. पट्टे नसलेल्या किंवा नुसते कमरेचे पट्टे असलेल्या जुन्या गाडीत हा सौदा महाग पडतो.

भारतात ही गादी उशिरा पोचली, आणि त्याला कारण आहे. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. फोर्डचीही जुळणी मुंबईत होई. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याला डॉज, प्लिमथ आणि डी सोटो गाड्या जोडल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारनं ठरवलं, की सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांनी टप्प्याटप्प्यानं इथेच उत्पादन करावं. 1954 च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेले. दोनच वर्षांनी फोर्डच्या गाड्यांत गादी आली. त्यामुळे जुन्या मुंबईकर घरांत जपलेल्या अमेरिकन गाड्या बव्हंशी पत्र्याच्या काळातल्या. कुर्ल्यात पुढे बनलेली फियाट 1100 आणि तिचीच वारस प्रीमियर पद्मिनी रंगवलेल्या पत्र्याचा डॅशबोर्ड घेऊनच धावली. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली तोवर हे चाललं.

त्या पत्र्यावर इथल्या लोकांनी आपल्या परीनं गादी घातली. टॅक्सीवाले कुशनवाल्याकडून रेग्झिन किंवा मखमलीचं आवरण चढवून घेत, कडेला झालर लावत, आणि मधोमध गणपती, साईबाबा किंवा आपल्या कुलदैवताची मूर्ती बसवत. दसऱ्याला याच जागी हळद-कुंकू वाहिलं जातं आणि झेंडूचं तोरण बांधलं जातं. गाडीतली सगळ्यांत जोखमीची जागा लोकांनी देवाच्या स्वाधीन केली, यामागची भावना खरी आहे. पण आता त्या जागेखाली काय आहे, ते पाहायला हवं. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, आणि 2021 मध्ये शेजारच्या प्रवाशासाठीही. गादी फाडून ती पिशवी डोळ्याची पापणी लवायच्या आत बाहेर येते. तिच्या झाकणावर दुहेरी टेपनं चिकटवलेली पितळी मूर्ती तितक्याच वेगानं प्रवाशाच्या चेहऱ्याकडे येते. मूर्तीची जागा बाजूला, मीटरांच्या कडेला करणं हा श्रद्धेला धरूनच घेतलेला निर्णय ठरेल.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत भारतात आता नवा टप्पा आला आहे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी व इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. तिच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरं असतात. नवी नोंदणी 20,000 रुपयांत होते. याचा अर्थ असा, की 1968 नंतरच्या, म्हणजे नियमानं गादी घातलेल्या गाड्या आता या वयात येऊ लागल्या आहेत, आणि दर वर्षी त्यांची संख्या वाढणार आहे. आपल्याकडचे जुन्या गाड्यांचे कारागीर पत्रा, पितळ, सागवान आणि क्रोममध्ये तरबेज आहेत. फोम आणि व्हायनिलचं काम त्यांच्या हाताखाली आतापर्यंत कमी आलं.

असं काम आलं, की जुनी गादी भंगारात टाकण्याची घाई सगळ्यांत जास्त नुकसान करते. तिचा मागचा सांगाडा, स्टडची अंतरं, स्पीकरच्या जाळीचा आकार, व्हायनिलच्या दाण्याचा एक चांगला तुकडा आणि शाबूत राहिलेल्या फोमची जाडी, हे सगळं नवी गादी करताना मोजावं लागतं, आणि ते मोजायला तीच गादी लागते. फुटकी असली, भुकटी झालेली असली, तरी तिला कापडात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवावं, फोटो काढून नटांच्या जागा लिहून घ्याव्यात, आणि नवी गादी जागेवर बसून एक पूर्ण उन्हाळा काढेपर्यंत ती जपून ठेवावी.